मांडलेला पलंग

लिफ्टबाहेर कुणाचं तरी सामान काढून ठेवलं होतं. एक अरुंद पलंग भिंतीला उभा टेकवलेला, त्यावर चादर टाकलेली, आणि खाली लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांच्या फुगलेल्या पिशव्या. सणासुदीला कुणावर ही पाळी आली, असं युक-लानच्या मनात आलं आणि तिला त्या माणसाची कीव आली. अठराव्या मजल्यावर असं अधूनमधून व्हायचंच. म्हातारं माणूस गेलं की एरवी तोंड न दाखवणारी पोरं यायची आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायची.

ती पुढे गेली. हातात भाजलेलं बदक होतं, अजून गरम. हिवाळ्याच्या सणाला तिचा मालक हॉटेलचं शटर दुपारीच ओढायचा आणि जुन्या माणसांच्या हातात एकेक बदक ठेवायचा. या दिवशी संध्याकाळी सगळ्या घराने एका टेबलाशी बसायचं, ही रीत मोडायची त्याची छाती नव्हती. युक-लान तिथे जुन्यांतली जुनी. भर दुपारी क्वुन तोंगमधली निम्मी जनता चहा-डिमसमसाठी दारात ताटकळत असताना कोण आत येईल, कोण कुठे बसेल आणि कोण अजून उभं राहील, हे ती ठरवायची. तिच्याशी हुज्जत घालणारा माणूस शेवटी स्वच्छतागृहाशेजारच्या टेबलावर जेवायचा.

तिने किल्ली फिरवली. दार अर्ध्यावर उघडलं आणि अडलं. तिने खांद्याने रेटून पाहिलं.

"अगं बाई, हळू, वन्सं," आतून भावजयीचा, मेइ-फानचा आवाज आला. "पलंगाला लागेल."

"कुठल्या पलंगाला?"

"तुम्ही आडव्या होऊन या ना. येता येतं. आम्ही सगळे तसेच आलो."

युक-लान आडवी होऊन, बदक डोक्यावर धरून आत आली. आणि तिथेच उभी राहिली, कारण पुढे जायला जागाच नव्हती.

खिडकीजवळ दोन कपाटं आडवी लावून केलेला तिचा आडोसा गेला होता. कपाटं एकावर एक चढवली होती. जिथे तिचा पलंग होता तिथून थेट दारापर्यंत एक नवा कोरा जोडपलंग पसरला होता. त्यावर लालभडक चादर, लाल रजई, दोन लाल उशा, आणि मधोमध सुके खजूर, कमळाच्या बिया नि लाल पाकिटं. लग्नाचा पलंग. रीतसर मांडलेला.

"वेळ फार छान मिळाली हो," मेइ-फान म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या तोंडाशी उभी राहून हात पुसत होती, बराच वेळ पुसत होती. "पंचांगवाल्यांनी आजचीच सकाळ दिली. बाराव्या मजल्यावरच्या चौ काकूंना बोलावलं. नवरा आहे, मुलगे आहेत, नातवंडं आहेत, अगदी भरल्या घरच्या. त्यांनीच चादर घातली. त्यांच्या नातवाला वर लोळवलं. आता आमच्या चुनहिनच्या लग्नापर्यंत पलंग हलवायचा नाही, त्यावर कुणी बसायचं नाही. तुम्हाला काय सांगायचं म्हणा."

तिला सांगायचं नव्हतं, पण सांगत मात्र होती. बिनलग्नाच्या बाईचं आणि विधवेचं तर बोटही अशा पलंगाला लागता कामा नये. या घरात राहत होत्या त्या नेमक्या दोघी बायका. एक बिनलग्नाची आणि एक विधवा.

"आणि माझा पलंग?"

"तो बाहेर ठेवलाय. जपून ठेवलाय हं. चादर घातलीय वर."

मघाशी वाटलेली कीव युक-लानला आठवली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याच अंथरुणाकडे परक्यासारखं बघून आपण पुढे आलो. चादरसुद्धा आपलीच होती.

खुर्चीवर वाय-मन बसला होता, तिचा धाकटा भाऊ. त्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "जेवल्यावर बोलू, ताई. आज सण आहे."

हे त्याचं बरोबर होतं. आज सण होता. आज कुणी भांडत नाही, काही फोडत नाही, वाईट शब्द तोंडातून काढत नाही. म्हणूनच त्याने आजचा दिवस धरला होता. एवढं डोकं त्याने शाळेत चालवलं असतं तर बाबांना बरं वाटलं असतं.

स्वयंपाकघरात दोन माणसं मावायची, तीही एकमेकींना पाठ लावून. आई ओट्याशी उभी राहून तांदळाच्या पिठाचे गोळे वळत होती. आत काळ्या तिळाचं सारण. युक-लानने बदक ठेवलं आणि आईच्या पाठीला पाठ लावून सुरी काढली.

"तुला माहीत होतं?"

आईने एक गोळा वळून पूर्ण केला. "वाय-मन म्हणाला, तू हो म्हणालीस."

"मला कुणी विचारलंच नाही."

"तो म्हणाला, सरकारी घरांच्या कचेरीतल्या माणसाशी बोलणं झालंय. म्हाताऱ्या भाडेकरूची काळजी घ्यायला एका तरुण जोडप्याला तिच्याजवळ राहता येतं. पण मग भाडेकरूचं दुसरं मोठं मूल घरात नको. म्हणजे तुझं नाव कमी करायचं. सही तू करणार, असं म्हणाला."

"आणि मी राहायचं कुठे?"

"शाम शुई पोमध्ये खोली बघितलीय म्हणे तुझ्यासाठी. थोडे दिवस. मग तुझा नंबर लागेल."

युक-लानने तसली खोली पाहिली होती. तिच्या हाताखालचा एक पोऱ्या आजारी पडला तेव्हा ती पेज घेऊन गेली होती. एका घराचे लाकडी फळ्या ठोकून केलेले तुकडे. एकाच्या वाट्याला अर्धी खिडकी, बाकीच्यांच्या वाट्याला तीही नाही. संडासाच्या भांड्यावर पाट ठेवून त्यावर भाजी चिरायची. तिने पेज दिली आणि ती निघाली, कारण तिथे पाहुण्याला बसवायची सोय नव्हती. एकटीच्या सरकारी घराचा नंबर या वयात लावला तर तो लागेपर्यंत तिला हातात काठी आली असती.

"आई, तुला काय हवंय?"

आई म्हणाली, "पणतू बघायचाय." थोड्या वेळाने पुढचा गोळा हातात घेत म्हणाली, "पण रात्री मला उठायचं झालं की तू मला धरतेस. ती नवी पोर कशी काय धरेल, कुणास ठाऊक."

युक-लान सुरी ठेवून बाहेर आली आणि वाय-मनच्या हातातला मोबाइल तिने काढून घेतला. "चल बाहेर."

दोघं लिफ्टजवळ आली. मध्ये तिचा उभा पलंग.

"ताई, ऐकून तर घे."

"ऐकतेय."

"तुझा भाचा तिशीचा झाला आणि हॉलमधल्या सोफ्यावर झोपतो. त्याची बहीण रात्री दिवा लावून अभ्यास करते, तर तो तोंडावर उशी घेतो. चांगली मुलगी मिळालीय. तिला घरी आणायची कुठे? माझ्या डोक्यावर?"

"तू ट्युन मुनला घर घेतलंस तेव्हा इथलं नाव आपणहून कमी केलंस. बाबांना काय म्हणालास आठवतंय? म्हणालास, आता मी मालक."

"तेव्हा वाटलं होतं मालक होईन. अजून बँकच मालक आहे." वाय-मनने चष्मा काढून डोळे चोळले. तो थकलेला दिसत होता आणि ते नाटक नव्हतं. "माझं घर विकून मला दोन खोल्या येत नाहीत. मुलाला देण्यासारखं माझ्याजवळ एकच आहे, आणि ते आईच्या नावावर आहे."

"आणि माझंही नाव त्यात आहे. हे तुला आठवलं नाही."

"तू एकटी आहेस गं."

"एकट्या माणसाला पाय पसरायला लागत नाहीत का?"

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणूनच नाही विचारलं."

तो इतक्या सरळपणे म्हणाला की तिला क्षणभर हसूच आलं. लहानपणीही तो असाच. तिच्या वाटीतला तुकडा आधी तोंडात घालायचा आणि मग विचारायचा, घेऊ का. तिचं त्याच्यावर प्रेम होतं आणि तो खरोखर अडचणीत होता. या दोन्ही गोष्टी ती मान्य करत होती. पण त्याच्या अडचणीचं ओझं तिच्या पाठीवर द्यायचं कुणी ठरवलं, हे तिला कळत नव्हतं. लग्न जमलं नाही असं काही नव्हतं, तिने जमवलं नव्हतं. कामाला जायचं, कमवायचं, घरी येऊन आपल्या खिडकीखाली आडवं व्हायचं, यात तिला काही कमी वाटत नव्हतं. आणि कमी वाटलंच असतं तरी ती खिडकी तिचीच होती.

तेवढ्यात लिफ्ट उघडली. भाचा चुनहिन आणि त्याची होणारी बायको विंग-साम बाहेर आली; त्याची बहीण अभ्यासासाठी घरीच राहिली होती. तिच्या हातात संत्र्यांची पिशवी होती. उभ्या पलंगाकडे पाहून ती म्हणाली, "अय्या, तुमचा टेम्पो अजून आला नाही का?"

वाय-मन घाईने म्हणाला, "चला, चला, जेवण गार होतंय."

जेवण गार होत नव्हतं, कारण ते मांडायलाच जागा नव्हती. एरवी घडीचं टेबल उघडून त्यावर दारामागची गोल फळी टाकली की सगळे बसायचे. निम्मे खुर्च्यांवर, निम्मे युक-लानच्या पलंगाच्या काठावर. आता काठ होता, चांगला लांबलचक काठ होता, पण त्यावर बसायचं नव्हतं. मेइ-फान पलंगासमोर दोन्ही हात पसरून उभी होती.

"कुणी टेकू नका हं. चुनहिन, पाठ. तुझी पाठ लागतेय."

"आई, मग मी उभा राहून जेवू?"

"उभा राहा. आठवडाभर उभा राहा. जन्माचा प्रश्न आहे."

युक-लानने एकवार खोली पाहिली आणि तिच्यातली हॉटेलवाली जागी झाली. "फळी नको. घडीचं टेबल अर्धंच उघडा. आई खुर्चीवर, इथे. वाय-मन, तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात स्टूल घे, पाय आत कर. मेइ-फान दाराशी. ही पोरं त्या पत्र्याच्या डब्यांवर बसतील. डबे पालथे घाला."

"आणि तुम्ही, वन्सं?"

"माझं बघते मी."

ती भिंतीला टेकून, हातात वाडगा घेऊन उभीच राहिली. कोंबडी, बदक, मशरूम, आल्या-पातीची चटणी, सगळं एकमेकांच्या डोक्यावरून फिरलं. आई म्हणाली खा, सगळ्यांनी आईला म्हटलं खा. बराच वेळ नुसता चॉपस्टिकचा आवाज. मग विंग-साम, चांगल्या घरची मुलगी, पाहुणीने काहीतरी बोलावं म्हणून बोलली.

"आत्या, नव्या घराला खिडकी आहे ना?"

वाय-मनच्या हातातला बदकाचा तुकडा वाडग्यात पडला.

"कुठल्या नव्या घराला?" युक-लानने विचारलं.

"तुम्हाला सरकारी घर मिळालं ना, एकटीचं. बाबा म्हणाले, आत्याचा नंबर लागला, म्हणून ही जागा मोकळी होतेय. आम्हाला इतका आनंद झाला. म्हटलं सगळ्यांचंच छान झालं."

"चुनहिन, तुलाही असंच सांगितलं?"

भाच्याने बापाकडे पाहिलं. बाप वाडग्यात पाहत होता. "हो, आत्या. का?"

"माझा नंबर लागलेला नाही. मी लावलेलाच नाही. जेवण झाल्यावर मी सही करायची, आणि या पिशव्या घेऊन शाम शुई पोला फळ्यांच्या खोलीत जायचं, असं तुझ्या बाबांनी ठरवलंय. मला हे दुपारी कळलं. दार उघडेना, तेव्हा."

विंग-सामचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने वाडगा टेबलावर ठेवला आणि चुनहिनला म्हणाली, "मी बाहेर त्यांचा पलंग बघून टेम्पो कधी येणार असं विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"अगं, तो शब्द नको," मेइ-फान कळवळली. "आज सण आहे."

"बाबा, तुम्ही खोटं बोललात," चुनहिन म्हणाला.

"तुझ्यासाठी बोललो."

"मी सांगितलं होतं बोलायला? आम्ही खोली बघितली होती ताय कोक त्सुईला. लिफ्ट नाही, आठवा मजला. तुम्हीच म्हणालात, घेऊ नकोस, थांब."

"तुझी बायको पोटुशी झाल्यावर आठ मजले कशी चढेल?"

"ते तेव्हा बघू. आत्याच्या अंथरुणावर माझा संसार मांडायचा असेल तर तो नकोच मला."

मेइ-फान रडायला लागली. तिचं रडणं खरं होतं. "मग आता काय करायचं? पलंग मांडून झालाय. आता हलवला तर काय होतं ठाऊक आहे ना? माझ्या मुलाच्या संसाराला दृष्ट लागेल. वन्सं, तुम्ही समजूतदार आहात. एक सही. मी पाया पडते तुमच्या. पलंग मांडलाय हो."

असं होतं तर. हुकमाचं पान वाय-मनचं नव्हतंच, या भाबड्या बाईचं होतं. सहीला युक-लान नाही म्हणू शकत होती. पण मांडलेल्या पलंगाला या घरात आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. पलंग हलवायचा नाही, म्हणजे युक-लानने हलायचं. उद्या, परवा, लग्नापर्यंत ती खुर्चीवर बसून झोपेल, आणि कधीतरी पाठ दुखायला लागली की आपणहून जाईल. भांडण नाही, तंटा नाही. मेइ-फानच्या मनात एवढं कपट नसेलही, पण व्हायचं होतं ते हेच.

युक-लानने वाडगा आईच्या हातात दिला. टेबलाला वळसा घालायला जागा नव्हती, म्हणून तिने टेबलच थोडं ढकललं. चपला काढल्या. हाताने खजूर आणि बिया बाजूला सारल्या, लाल पाकिटं नीट गोळा करून चुनहिनच्या मांडीवर ठेवली. मग ती त्या लाल चादरीवर बसली, पाय वर घेतले आणि खिडकीकडे डोकं करून सरळ आडवी झाली.

मेइ-फानने तोंडावर हात दाबला.

"ताई, ऊठ," वाय-मन म्हणाला. "वेडी झालीस का? ऊठ."

"नाही उठत. मी इथेच झोपते. इतकी वर्षं इथेच झोपलेय. आता हा पलंग लग्नाचा राहिला नाही, तेव्हा तो हलवायला तुम्ही मोकळे. चुनहिन, राग मानू नकोस बाळा. तुझ्या लग्नाला मी तुला दुसरा पलंग घेऊन देईन, ताय कोक त्सुईला आठ मजले चढवूनही देईन, हमाल मी बघेन. पण मला न विचारता माझी जागा घेता येणार नाही. मी सही करणार नाही."

चुनहिन लाल पाकिटं मांडीवर घेऊन बसला होता. त्याने मान हलवली. पण वाय-मन उठला, दोन पावलांत पलंगाशी आला आणि पोरासारखा ओरडला, "आई, तू सांग हिला. घर तुझं आहे. तू बोल."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. युक-लानने नाही पाहिलं. ती छताकडे पाहत होती. हॉटेलात ती कधी मागे वळून बघायची नाही, पण इथे तिला पहिल्यांदाच भीती वाटली. आई पणतू म्हणाली होती. आईने आता मुलाच्या बाजूने एक शब्द काढला असता तर युक-लान उठली असती, पिशव्या उचलल्या असत्या आणि गेली असती. हे तिला स्वतःलाही त्या क्षणीच कळलं.

आईने हातातले दोन्ही वाडगे टेबलावर ठेवले. खुर्चीच्या हाताला धरून उठली. सून धरायला पुढे झाली, तिला तिने हाताने बाजूला केलं. मग पलंगाच्या दुसऱ्या कडेला टेकली, एक पाय हाताने उचलून वर घेतला, मग दुसरा.

"आई, तुम्ही नका," मेइ-फान कुजबुजली. "तुम्ही तरी नका."

आई लेकीशेजारी आडवी झाली. गादी दाबून पाहिली. "बरी आहे. जरा मऊ आहे." मग छताकडे बघतच म्हणाली, "मी मेल्यावर."

सणाच्या दिवशी हा शब्द. वाय-मनने डोळे मिटून घेतले.

"मी मेल्यावर हे घर युक-लानचं. भाड्याच्या कागदावर माझ्या खाली हिचं नाव आहे, ते कुणी खोडायचं नाही. मी जिवंत आहे तोवर इथे मी आणि ती. वाय-मन, तू माझा मुलगा आहेस आणि मला तुझी काळजी आहे, पण मला रात्री ही धरते. बाहेरून तिचा पलंग आत आण. आधी हा सोडव, मग तो येईल. पण आधी जेवा सगळे. गोळे पातेल्यात चिकटतील."

वाय-मन खाली बसला, उंबऱ्यातल्या त्याच स्टुलावर, आणि हळूच म्हणाला, "पाना आणायला हवा." चुनहिन म्हणाला, "खाली चौकीदाराकडे असेल." मेइ-फान डोळे पुसत आत गेली आणि पातेल्यात डाव फिरल्याचा आवाज आला.

युक-लानला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. लपवायला त्या खोलीत जागा तरी कुठे होती? आईने चादरीवरून हात चाचपडत तिचं मनगट धरलं, रात्री उठताना धरते तसं, घट्ट.

मेइ-फानने गोळ्यांच्या वाट्या भरून आणल्या. विंग-साम उठली, दोन वाट्या तिच्या हातातून घेतल्या आणि पलंगाशी येऊन उभी राहिली. टेबल ढकललेलं होतं, तिचा पत्र्याचा डबा त्याखाली गेला होता. तिने होणाऱ्या सासूकडे एकदा पाहिलं, मग चपला काढल्या.

"आत्या, सरका जरा," ती म्हणाली. "मला बसू द्या."

युक-लान सरकली.